आमचा घड्याळांचा नाद

आमच्या घरात दर रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत माजघरातील पंखा लावावयास सक्त मनाई आहे. चैत्र असो वा वैशाख असो, हा नियम मोडण्याची कोणाची छाती होत नाही. कारण त्या वेळी खिडकीपाशी, पांढरे कापड अंथरलेल्या मेजावर आम्ही घड्याळ उघडून बसलेले असतो, आणि तिळाच्या चतुर्थांशाएवढा एखादा स्क्रू वाऱ्याच्या झुळकेसरशी जो नाहीसा होतो तो पुन्हा या जन्मी दृष्टीस पडत नाही. संध्याकाळचा केरही आमच्या परवानगीवाचून बाहेर जात नाही. तो वर्तमानपत्रावर पसरून, वरून लोहचुंबक फिरवून, मगच सुपलीत भरावयाचा असतो. चुंबकाला लागलेला स्क्रू तसाच घड्याळात घालावयाचा नसतो, त्याचे चुंबकत्व आधी काढावे लागते, ही गोष्ट आता आमच्या सात वर्षांच्या नातीससुद्धा पाठ आहे. घरात लहानमोठी नऊ माणसे. त्या नऊ जणांनी आमचा हा नाद इतकी वर्षे सहन केला, याबद्दल त्यांचे आभार येथे एकदाच मानून ठेवतो. तोंडावर मानले तर पंख्याची सवलत मागतील.

नाद लागला तो २०१६ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत एच.एम.टी. घड्याळांचा कारखाना बंद करण्यास केंद्र सरकारने मान्यता दिल्याची बातमी आम्ही वाचली, आणि त्याच वर्षी आम्हीही नोकरीतून निवृत्त झालो. बंगळूरचा हा सरकारी कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला, आणि पुढे पाव शतक तरी या देशातील पदवीधर, नवरदेव आणि निवृत्त कारकून यांच्या मनगटांवर त्याचेच राज्य होते. आमच्या पहिल्या पगाराचे 'जनता' घड्याळ कपाटाच्या खणात पडून होते. किल्ली दिली तर फिरे. काटे मात्र ढिम्म हालत नसत. ते घेऊन आम्ही पेठेतील एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. त्यांनी पाठीमागचे झाकण काढले, डोळ्यास भिंग लावले, आणि "तेल वाळलंय, दुसरं काही नाही," असे म्हणून आमच्यासमोरच ते यंत्र सुटे करावयास घेतले. आम्ही चाळीस वर्षे मोठमोठ्या पंपांच्या देखभालीत घालविली. परंतु रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेत इतकी चक्रे एकमेकांस न दुखविता नांदताना आम्ही प्रथमच पाहिली. एकत्र कुटुंबातील माणसास याचे विशेष कौतुक वाटावे यात नवल नाही.

त्या घड्याळजींना आम्ही गुरू केले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "उघडता कोणालाही येतं, साहेब. बंद करायला वर्ष लागतं." आम्हांस दीड लागले.

हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात सांगावयास हवे. कारण ज्यांच्या घरी आता सेलवर चालणारीच घड्याळे आहेत त्या तरुण मंडळींस त्याची कल्पना नसते. किल्ली फिरविली की डबीतील कमान गुंडाळली जाते. ती सुटी होऊ पाहते आणि चक्रांची मालिका ओढू लागते. मोकळे सोडले तर सारे बळ काही क्षणांत संपून जाईल; म्हणून शेवटच्या चक्राच्या दातांत एक दुबेळक्यासारखा तरफेचा तुकडा बसविलेला असतो. तो एका वेळी एकच दात सोडतो, आणि तो केव्हा सोडावयाचा हे ठरविते केसासारख्या बारीक स्प्रिंगवर हेलकावे घेणारे बॅलन्स-चक्र. या केसस्प्रिंगची कल्पना हायगेन्सने १६७५ साली अमलात आणली. आमच्या 'जनता'चे चक्र सेकंदाला पाच ठोके देते. म्हणजे ताशी अठरा हजार आणि अहोरात्रीत चार लक्ष बत्तीस हजार. इतक्या ठोक्यांत दिवसाकाठी एक मिनिट चुकले, तर ती चूक हजारात एक इतकीही नव्हे. आमच्या आयुष्यभराच्या कामात इतका नेमकेपणा साधला असता तर पेन्शन निराळी झाली असती.

चक्रांचे आस ज्या दगडांत फिरतात ते माणकांचे असतात, हे ऐकून आमच्या मातुःश्री हरखून गेल्या होत्या. तबकडीवर '१७ ज्युवेल' असे छापलेले असते त्याचा अर्थ तोच. परंतु ही माणके भट्टीत तयार झालेली. व्हर्नेय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ती कृती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून घड्याळातील माणकास सोनाराकडे काही किंमत उरली नाही.

पहिल्या वर्षातील आमच्या पराक्रमांपैकी एकच सांगतो. एक घड्याळ धुवावयाचे होते. सर्व भाग आम्ही स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले आणि जेवावयास गेलो. परत येऊन पाहतो तो त्या दुबेळक्याची दोन्ही माणके निखळून वाटीच्या तळाशी पडलेली. गुरुजींनी हकीकत ऐकली आणि कपाळास हात लावला. ती माणके आजही लाखेने चिकटविलेली असतात, आणि लाख स्पिरिटात विरघळते! पांडवांच्या वैऱ्यांनी घरासाठी जो पदार्थ निवडला तोच स्विस कारागिरांनी इतक्या नाजूक जागी निवडावा, हे आमच्या ध्यानी कसे यावे? तो भाग शुद्ध पेट्रोलने धुवावयाचा असतो, आणि त्याच्या आसास तेलही लावावयाचे नसते. ही दोन वाक्ये शिकण्यासाठी आम्ही तीन घड्याळे खर्ची घातली.

दुरुस्तीनंतर नवे घड्याळ स्वतः जुळविण्याची हौस आली. जुन्या, नामांकित, आपल्या ऐपतीबाहेरच्या घड्याळाची प्रतिकृती करावयाची, असा हा खेळ आहे, आणि जगभर अनेक हौशी माणसे तो खेळतात. यंत्र एकीकडून मिळवावयाचे, पेटी दुसरीकडून, तबकडी तिसरीकडून. काटे लांब असतील तर कानशीने घासावयाचे. तासाचा, मिनिटाचा आणि सेकंदाचा असे तिन्ही काटे बरोबर बारावर एकावर एक आले पाहिजेत, नाही तर पुन्हा काढावयाचे. आमची पहिली कृती म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकांच्या घड्याळाची नक्कल. मूळ घड्याळ पंचावन्न मिलिमीटर व्यासाचे. कोटाच्या बाहीवरून बांधावयाचे. लांगे, लाको, स्टोवा, वेम्पे आणि आय.डब्ल्यू.सी. अशा पाच कारखान्यांनी ते केले. आम्ही दया करून चव्वेचाळीस मिलिमीटरचे केले. आत उनितास या स्विस खिशातल्या घड्याळाच्या यंत्राची चिनी प्रत घातली, कारण तिचे भाग मोठे असतात आणि नवशिक्याच्या चिमट्यात येतात. आमच्या मनगटावर ते आमटीची वाटी पालथी घातल्यासारखे दिसे. एका मुंजीत ते घालून गेलो असता व्याह्यांनी ते होकायंत्र आहे का म्हणून आदराने विचारले.

आता प्रतिकृतीच्या नैतिक बाजूविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. कारण पुढील हकीकत त्यावरच अवलंबून आहे. रूपाची नक्कल करणे निराळे आणि नावाची नक्कल करणे निराळे, असे आम्ही प्रथमपासून मानत आलो. गोल पेटी, काळी तबकडी, ठळक आकडे ही कोणाची जहागीर नव्हे. परंतु ज्या कारखान्याने ते घड्याळ केले नाही त्याचे नाव तबकडीवर छापणे हे खोटी सही करण्यासारखेच आहे. परदेशातील संग्राहक आपल्याकडून जाणाऱ्या, पुन्हा रंगविलेल्या तबकड्यांच्या घड्याळांस 'मुंबई स्पेशल' असे हिणवून म्हणतात. यात आम्हांस थोडा अन्याय दिसतो. डागाळलेली तबकडी रंगवून द्या, असे गिऱ्हाइकच सांगे, आणि कारागीर इमानाने ती रंगवून देई. कारागिराने फसविले नाही. तीच तबकडी 'अस्सल, जशीच्या तशी' म्हणून जो विकतो, दोष त्याचा. आमचाही हात त्याने एकदा पोळला आहे. पण त्या व्यापाऱ्याचे नाव लिहून या पानांची शोभा घालवीत नाही. असो. आमच्या सर्व घड्याळांच्या तबकड्या कोऱ्या असतात, आणि हे आम्ही मोठ्या अभिमानाने चारचौघांत सांगत असू. अप्पांचे घड्याळ करावयास घेईपर्यंत.

अप्पा म्हणजे आमचे धाकटे काका. वाईस शाळेत गणित शिकवीत. आमचे वडील १९६९ साली गेले तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो, आणि तेव्हापासून अप्पा व काकू यांनीच आम्हां भावंडांस वाढविले. अप्पांस नोकरी लागली तेव्हा, १९५५ साली, आजोबांनी त्यांस वेस्ट एंड कंपनीचे 'सोवार' घड्याळ घेऊन दिले होते. घडण स्वित्झर्लंडची आणि बाजारपेठ मुख्यतः हिंदुस्थानची, अशी ही घड्याळे. मुंबई-कलकत्त्यास त्या कंपनीचा व्यापार होता, आणि सोवार म्हणजे आपला घोडेस्वार. सहाच्या जागी सेकंदाच्या काट्याची वेगळी चिमुकली तबकडी, आणि अंधारात चमकणारे आकडे. रात्री दिवे गेले की आम्ही मुले अप्पांचा हात गोधडीत ओढून नेत असू आणि ते हिरवे आकडे पाहत असू. अप्पा बिचारे अर्धे गोधडीत, अर्धे बाहेर, निमूट पडून राहत.

१९७५ साली आम्हांस पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाचे शुल्क, वसतिगृहाची अनामत, खाणावळीचे आगाऊ आणि ड्रॉइंगचे सामान मिळून अकराशे रुपये सोमवारपर्यंत भरावयाचे होते. शनिवारी अप्पा साताऱ्यास गेले आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत आले. पैसे त्यांनी देवापुढे ठेविले. ते ठेवताना त्यांचा डावा हात आम्हांस दिसला. मनगटावर घड्याळ नव्हते. वीस वर्षे ऊन न लागलेला पांढरा पट्टा तेवढा होता. आम्ही काही बोललो नाही. अप्पा म्हणाले, "शाळेत घंटा असतेच."

तो पांढरा पट्टा आमच्या डोळ्यांपुढून गेला नाही. नोकरी लागल्यावर आम्ही त्यांस एक एच.एम.टी. घेऊन दिले; ते सहा महिन्यांच्या आत त्यांनी आपल्या मुलास परीक्षेसाठी दिले आणि परत मागितले नाही. २०१५ साली त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनास आम्ही भाषण केले, त्यात ही घड्याळाची हकीकत सांगितली. मांडवातील पुष्कळांनी डोळे पुसले. काकू पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्या थोड्या हसल्या आणि पदर सारखा करू लागल्या. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या.

तेव्हा हे घड्याळ आपण करावे, असा आमचा निश्चय झाला. अस्सल 'सोवार' शोधून विकत घेता आले असते, हे खरे. परंतु दुसऱ्या कोणाच्या मनगटावर वाढलेले घड्याळ आणून काय करावयाचे? पुरावा म्हणून आमच्यापाशी एकच वस्तू होती: अप्पा-काकूंचा १९५८ सालचा लग्नातील फोटो, साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला. त्या काळच्या रीतीप्रमाणे अप्पांनी घड्याळाचा हात मुद्दाम गुडघ्यावर पुढे ठेविला आहे. नातवाने फोटोतील तेवढा भाग संगणकावर मोठा करून दिला, आणि आम्ही त्यावरून तबकडीचे माप काढले: बारा, तीन, नऊ हे आकडे, मध्ये रेघा, सहाच्या जागी छोटी तबकडी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फेऱ्या घातल्या. सेकंदाचा काटा सहावर असलेले एक मोडके स्विस यंत्र, पंधरा ज्युवेलचे, एका कोनाडी घड्याळाच्या सांगाड्याखाली सापडले. पेटी दुसऱ्याची, तिच्यावरचा मुलामा उडालेला. ती बोहरी आळीतून आणलेल्या बारीक पॉलिश-कागदाने घासली. काच प्लास्टिकची, जुन्या तऱ्हेची घुमटाकार. तिच्यावरचे ओरखडे टूथपेस्टने निघतात, हे आमच्या सुनेस पटविण्यास वेळ लागला.

चमकणाऱ्या आकड्यांचा विचार करावा लागला. अप्पांच्या मूळ घड्याळावर रेडियमचा रंग असावा. १९२० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी येथे असला रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करीत, आणि त्यांची जबड्याची हाडे झिजून गेली. रेडियमचे बळ निम्मे होण्यास सोळाशे वर्षे लागतात. त्यात मिसळलेले चमकणारे चूर्ण मात्र काही दशकांतच निकामी होते. म्हणजे जुन्या तबकडीचा प्रकाश विझतो आणि विष तसेच राहते. म्हणून जुनी तबकडी खरवडण्याच्या भरीस कोणीही पडू नये, हे येथे कळकळीने सांगतो. आम्ही वापरला तो स्ट्राँशियमचा निर्धोक रंग. जपानात १९९३ साली निघालेला. त्यास आधी उजेड दाखवावा लागतो, मग तो काही तास चमकतो.

येथपर्यंत सर्व ठीक होते. पुढे आमचा पाय कसा घसरत गेला, ते पाहण्यासारखे आहे. तबकडी नवी, पांढरीशुभ्र दिसू लागली. ती जुनी दिसावी म्हणून आम्ही तिला चहाच्या कोमट पाण्यात ठेविले. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, साखर घालू का?" तबकडीस सायीसारखा रंग आला, आणि आम्हांस वाटले, आता केवळ नावच काय ते राहिले. तबकडी छापून देणाऱ्या मुंबईच्या कारागिरास वाटेल ते नाव छापण्यास हरकत नव्हती. आम्ही दोन तबकड्या छापून घेतल्या. एक कोरी; दुसरीवर वेस्ट एंडचे नाव. केवळ पाहण्यासाठी, असे मनाशी म्हटले. दोन्हींस चहा पाजला. मग आठवले की, दुरुस्तीच्या वेळी घड्याळजी पाठीमागच्या झाकणाच्या आतील बाजूस सुईने तारीख कोरून ठेवतात. वीस वर्षे वापरलेल्या घड्याळात अशा दोनतीन तारखा असणारच. आमच्या हातात सुई होती. '६-६१' असे कोरावयाचे आम्ही मनात योजिले होते.

त्याच वेळी धाकटा पुतण्या मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "काका, अप्पाआजोबांना सांगा की जुन्या बाजारात त्यांचंच घड्याळ सापडलं. नव्वदी झाली त्यांची. किती आनंद होईल!" हे ऐकून आम्हांस जे वाटले ते लिहिण्यास लाज वाटते: आम्हांस ते पटले. नव्वद वर्षांच्या माणसास आनंद देणे हे पाप कसे होईल? तांदूळ निवडीत बसलेल्या सौभाग्यवती मान वर न करता म्हणाल्या, "मग दोन वर्षं तुम्ही रविवारी काय करत होतात, म्हणून सांगणार?"

आम्ही सुई खाली ठेविली. सत्यनिष्ठेमुळे ठेविली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु खरे सांगावयाचे तर आपल्या कामाचे श्रेय बुडणार, हे त्या प्रश्नाने ध्यानात आले. आणखी एक कारण होते. नावाची तबकडी भिंगाखाली धरली तेव्हा अक्षरांची ओळ किंचित वाकडी आलेली दिसली. अशा तीन कारणांनी कोरी तबकडी बसली.

२०२४ च्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आम्ही वाईस गेलो. अप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. दृष्टी मंद झाली आहे, कान मात्र तल्लख. आम्ही डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी घड्याळ बाहेर काढले, कानाशी नेले, बराच वेळ ऐकले; मग डोळ्यांपुढे धरून तिरपे केले, उजेडाकडे वळविले.

"सापडलं?" त्यांनी विचारले.

वाचकहो, पुतण्याने सुचविलेले उत्तर त्या क्षणी आमच्या जिभेवर होते, आणि एका अक्षराचेच होते.

"नाही, अप्पा," आम्ही म्हणालो. "हे मी केलं. तुमच्या त्यासारखं."

"म्हणून नाव नाही होय," अप्पा म्हणाले, आणि किल्ली देऊ लागले. ओठांतल्या ओठांत मोजीत होते. "अठ्ठावीस. माझं तिसाला बसायचं." मग गणिताच्या मास्तरांस शोभेल असा प्रश्न आला: "खर्च किती?"

"दोन हजार एकशे ऐंशी."

"मजुरीसकट?"

"मजुरी धरली नाही."

"मग ठीक आहे," अप्पा म्हणाले. "माझ्या त्याचे साठच आले होते. ऐंशी म्हणाला होता, साठ दिले."

आम्ही हसलो, आणि हसता हसता थांबलो. साठ! आम्ही विचारले, "पण अप्पा, मला तर अकराशे भरायचे होते."

अप्पा काही वेळ बोलले नाहीत. घड्याळाचा पट्टा बांधण्याची त्यांची खटपट चालली होती. ती आम्ही पुरी केली. मग फळ्यावरील उदाहरणाचे उत्तर सांगावे तशा स्वरात ते म्हणाले, "बाकीचे तुझ्या काकूच्या पाटल्यांचे. ती म्हणाली, मुलाला घड्याळाचं सांगा. तेवढं त्याला पेलेल."

आम्ही अभियंते. आयुष्यभर आकडेमोड केली. गेली आठ वर्षे तर जुन्या घड्याळांच्याच किमती करीत आलो. वीस वर्षे वापरलेल्या हातघड्याळास साताऱ्यात कोणी अकराशे रुपये देईल काय, हा हिशेब आम्ही पन्नास वर्षांत एकदाही केला नाही. त्या वर्षी दिवाळीस घरी आलो तेव्हा काकूंच्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या पाहिल्या होत्या, हेही आम्हांस आठवले. शेजारच्या बायकांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हात सुजतात हो, पाटल्या रुततात." हे वाक्य आमच्यासमोर उच्चारले गेले होते. आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या मांडवात, त्यांस पहिल्या रांगेत बसवून, आम्ही घड्याळावर भाषण केले!

"तुम्ही कधी बोलला नाहीत," आम्ही म्हणालो.

"तू सारखं घड्याळच म्हणत होतास," अप्पा म्हणाले. "आणि तिला दिलेला शब्द होता. आता ती नाही, आणि तू साठाचं विचारलंस." थोड्या वेळाने ते म्हणाले, "रागावेल."

त्या रात्री आम्ही अप्पांच्याच खोलीत झोपलो. दिवा मालविल्यावर त्यांच्या पांघरुणावर हिरवे आकडे दिसत होते. रेडियमचे आकडे पहाटेपर्यंत तसेच असत. हे मध्यरात्रीपर्यंत मंद झाले. अप्पा जागे होते, पण दोघांपैकी कोणी काही बोलले नाही.

घड्याळ दिवसाकाठी चार मिनिटे पुढे जाते. हे आम्हांस निघण्यापूर्वीच ठाऊक व्हावयास हवे होते. प्रवासात केसस्प्रिंगला कोठे तरी चुंबकत्व लागले असावे, कारण तिचे वेढे एकमेकांस चिकटले की घड्याळ असेच धावते. दहा मिनिटांचे काम आहे. अप्पा रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांबरोबर ते लावतात, आणि किती मिनिटे पुढे होते ते कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवतात. दुरुस्तीसाठी पाठवा म्हणून आम्ही दोनदा दूरध्वनी केला. "राहू दे, मला कळतं आहे ना किती पुढे आहे ते," असे उत्तर आले.

पुण्यास परतल्यावर आम्ही तो १९५८ सालचा फोटो आल्बममधून काढला. दोन वर्षे आम्ही पाहिला तो त्याचा एक तुकडा. मनगटाएवढा भाग ठेवून नातवाने बाकी सर्व कापून टाकले होते. मूळ फोटो मेजावर ठेवून आम्ही डोळ्यास भिंग लावले. रविवार होता, पंखा बंद होता. काकू अप्पांच्या खुर्चीमागे उभ्या आहेत. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, त्यातील पाटली स्पष्ट दिसते. काठास बारीक वेल आहे, आणि तिची सात पाने मोजता येतात. डावा हात पदराखाली आहे.